सात नंबरचा बाण

गणितातलं ‘फलन’ शिकवायला बाईंनी फळ्यावर दोन मोठे गोल काढले. डाव्या गोलात हजेरीचे एक ते दहा नंबर, उजव्यात वर्गातले पहिले पाच बाक. दहा लिहून खडू खाली ठेवताना त्यांच्या लक्षात आलं, की हातानं सवयीनं सातही लिहून टाकला आहे.

सात नंबर म्हणजे बाईंची स्वतःची मुलगी. दीड महिन्यापूर्वी चार दिवसांच्या तापात ती गेली, आणि त्यानंतर बाई आज पहिल्यांदाच शाळेत आल्या होत्या.

मुलींना नंबरानंच हाक मारायची, ही त्यांची जुनी खोड. पोटच्या पोरीलाही सूट नव्हती. वर्गात ‘आई’ म्हणायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. पण पोरगी वस्ताद. घरी जेवायला बसली की ‘बाई, वाढा लवकर,’ म्हणून वचपा काढायची.

सात पुसावा, तर हात उचलेना. बाईंनी खडू पुढे केला.

“या एकेक. आपापल्या बाकाकडे बाण काढा.”

मुली आल्या, बाण निघत गेले. सात तेवढा तसाच राहिला.

“झालं का हे फलन?” बाईंचा आवाज त्यांनाच परका वाटला.

“नाही बाई,” तोंडाची टकळी कधी बंद न होणारी दोन नंबर म्हणाली. “डावीकडच्या प्रत्येकातून एक आणि एकच बाण निघायला हवा. नाहीतर तो नुसता संबंध. सातमधून बाणच नाही, म्हणून तो नंबर आपण...”

तिनं जीभ चावली.

चौथ्या बाकावरून आठ नंबर उठली. पहिलीपासून तिच्या शेजारी सातच बसायची. कुणाकडे न बघता ती फळ्याशी गेली आणि सातपासून थेट चौथ्या बाकापर्यंत बाण ओढला.

“एका बाकाकडे दोन बाण चालतात ना, बाई?”

“चालतात.”

“मग झालं फलन.”

नुसती मान डोलावली असती तरी सुटल्या असत्या बाई. पण चुकीच्या उत्तराला बरोबर म्हणायची त्यांना सवय नव्हती, आणि समोर अडतीस पोरी बघत होत्या.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “बाकावर कुणी बसलेलं असेल तरच बाण काढायचा. जी नाही, तिचा नंबर ठेवायचा नाही.”

त्यांनी डस्टर उचललं. आधी बाण पुसला, मग सात. पुसताना त्यांनी वर्गाकडे पाठच ठेवली.

“लिहून घ्या. वह्या तपासायला ठेवून जा.”

दुपारी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी पहिली वही उघडली. डाव्या गोलात सात होता. त्यातून चौथ्या बाकाकडे बाणही होता. दुसऱ्या वहीत तेच, तिसरीतही. पोरींनी पुसण्याआधीचा फळा उतरवून काढला होता. बाईंनी क्षणभर दाराकडे पाहिलं आणि बरोबरची खूण केली. मग दुसरीवर केली, तिसरीवर केली. नोकरीतल्या बावीस वर्षांत असलं काही केलं नव्हतं, पण आज हात जराही अडखळला नाही. उलट प्रत्येक खुणेबरोबर त्यांना थोडं बरं वाटत गेलं.

सदतीस वह्या झाल्या. शेवटची आठ नंबरची होती.

तिच्या डाव्या गोलात नऊच नंबर होते. सहाच्या खाली कागद खोडरबरानं घासून घासून पातळ झाला होता, आणि त्याखाली आठ. चौथ्या बाकाकडे एकच बाण जात होता.

उत्तर बिनचूक होतं, बाईंनी सांगितलं होतं अगदी तसं. त्यांनी लाल पेन टेकवलं, पण खूण काही करवेना. दीड महिना कुणासमोर डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या बाई ती वही छातीशी धरून हमसाहमशी रडायला लागल्या.