पारोशी भीमामाय

म्हाळसाबाईंचा स्वभावच तसला. पाहुणा दारात दिसला की आधी तांब्या घासणार, पाणी दुपदरी फडक्यातून गाळणार, मगच पुढं करणार. अशा बाईच्या हाती सुनेनं पाणी तपासायची बाटली दिली, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

सून मनीषा. करजगीच्या अलीकडं भीमाकाठी त्यांची वाडी, आणि वाडीतलं पाणी तपासायचं काम पंचायतीनं तिच्याकडं दिलेलं. गावातल्या संडासांचं पाणी गटारातून थेट घाटाशी नदीत उतरायचं, आणि त्याच घाटावरून बाया प्यायला पाणी न्यायच्या. गटार वळवा, शोषखड्डा करा, म्हणून मनीषानं सालभर पंचायतीचं डोकं खाल्लं होतं. अध्यक्ष अंकुशराव तसे भले माणूस, पण खड्डा नेमका त्यांच्याच जागेत निघत होता, म्हणून गोड बोलून टाळायचे. शेवटी एकदाचं ठरलं. बाटली काळी पडली तर खड्डा, नाही पडली तर हा विषय कायमचा बंद.

बाटलीचं गणित सोपं. आत औषध असतं. पाणी भरून उबेला ठेवायचं. पाण्यात विष्ठेतले जंतू असले तर दिवसा-दोन दिवसांत बाटली काळीकुट्ट होते. पण पाणी भरायच्या दिवशीच मनीषाला अफजलपूरला प्रशिक्षणाला बोलावणं आलं. आत्या, घाटावरचं पाणी बाटलीत भरून कणगीत ठेवा, एवढं सासूला सांगून तिनं बस गाठली.

म्हाळसाबाईंनी घाटावरून पाणी आणलं खरं. पण चार माणसांपुढं जाणारं पाणी ते, असंच गढूळ कसं पाठवायचं? त्यांनी ते गाळलं, चुलीवर खळखळ उकळलं, निववलं आणि मग बाटलीत भरलं. मुलगी दाखवायला बसवावी तशी ती बाटली कणगीतल्या ज्वारीवर नीट बसवली. झाक काम झालं म्हणून स्वतःवरच खूश झाल्या बाई.

पुढं पंचायतीची सभा भरली. सगळ्यांसमोर बाटली निघाली ती भरली तशीच, पिवळसर, निवळ. लोक हसायला लागले. सूनबाईंना नदीत भुतं दिसायलीत, असं कुणीतरी मागून बोललंच. म्हाळसाबाई कोपऱ्यात बसून गालात हसत होत्या, गावाचं नाव राहिलं म्हणून. मग त्यांना मनीषाचे भरलेले डोळे दिसले. आपल्या उकळण्यानंच पोरीचा घात केला की काय? सांगावं तर एवढ्या माणसांत लाज, न सांगावं तर जीव खायला उठलेला.

अंकुशराव तर भलतेच रंगात आले. त्यांनी घाटावरून तांब्या भरून आणवला, आपल्या लहानग्या नातीला मांडीवर घेतलं आणि आता ही पिऊन दाखवेल म्हणाले. तांब्या पोरीच्या ओठाला लागणार, तेवढ्यात म्हाळसाबाई ताडकन उठल्या.

"पाजू नका, अण्णा. बाटलीतलं पाणी मीच उकळलंय."

मनीषा सासूकडं वळली.

"कामून हो, आत्या?"

"अगं, भीमामाय पंचायतीत यायलीय. पारोशी कशी आणू तिला?"

मग जो हशा उसळला तो काही केल्या थांबेना. मनीषा डोळे पुसत पुसत हसत होती. मला एका शब्दानं विचारायचं होतं, असं तिनं सासूला दटावलंही, पण त्या दटावण्यात राग नावालाही नव्हता. तिनं पिशवीतून नवी बाटली काढली आणि त्याच तांब्यातलं पाणी भरून घेते म्हणाली. तेवढ्यात म्हाळसाबाईंनी अगदी साध्या मनानं विचारलं, "अण्णा, उरलेलं पाणी नातीला पाजायचं का मग?"

अंकुशरावांचं हसू ओसरलं. त्यांनी तांब्याकडं पाहिलं, नातीकडं पाहिलं. पोर तहानेनं हात पुढं करत होती. त्यांनी तांब्या तिच्यापासून लांब सरकवला, पार लांब.

"बाटली भर, मनीषा," ते म्हणाले. "पण खड्ड्यासाठी आता बाटलीची वाट बघायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी बाटली काळी पडलीच. तोवर अंकुशरावांच्या जागेत कमरेएवढा खड्डा खणून झाला होता.