हरण्याची हाळी

राजेश्वरीच्या पुढ्यात स्क्रीनवर दोन सॉफ्टवेअर उघडी होती आणि पाठीशी आदिनाथ उभा होता. सॉफ्टवेअर निदान गप्प होती. आदिनाथ दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून सुस्कारे सोडत होता.

"ताई, चारला आपली बारी हाय. त्याआधी गाणं घाटात पायजे."

"पोचेल. तुम्ही आधी बसा बघू."

तळेगावातल्या तिच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत हळदीची गाणी व्हायची, सोसायट्यांच्या जाहिराती व्हायच्या आणि बैलांची गाणी व्हायची. हो, बैलांची. शर्यतीचा बैल घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, उतरला की त्याच्या नावाचं गाणं स्पीकरवर लागलं पाहिजे, नाहीतर मालकाला घास गोड लागत नाही. आदिनाथच्या हरण्या बैलाची ही पहिलीच शर्यत; गडी त्याला सकाळीच घाटात घेऊन गेले होते. गाणं म्हटलं होतं त्याच्या वडिलांनी, सोपानआबांनी. आठ दिवसांपूर्वी रेकॉर्डिंग झालं आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी आबांना बोलायला बंदी केली. येत्या गुरुवारी घशाचं ऑपरेशन होतं. त्यानंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणजे पुन्हा गाऊन घ्यायची सोय नाही. हाताशी होतं ते एवढंच, आणि ते चांगलंच बेसूर होतं.

"मान्सं हसली न्हाई पायजेत," आदिनाथ म्हणाला. "आबांचं शेवटचं गाणं हाय."

पहिलं सॉफ्टवेअर तिच्या रोजच्या वापरातलं. बटण दाबलं की सगळे सूर आपोआप जागेवर आणि सगळे शब्द तालावर. तिने बटण दाबलं. आबा पत्र्याच्या पिंपात बसून गातायत असं वाटलं.

"एक नंबर!" आदिनाथ खूश झाला. राजेश्वरीला मात्र ते खटकलं.

"दादा, हे आबा वाटतात का तुम्हाला?"

त्याने पुन्हा ऐकलं. मान खाली घातली. "न्हाई."

दुसरं सॉफ्टवेअर तिने चाचणीपुरतं फुकट घेतलं होतं, त्याची मुदत आजच संपत होती. त्यात प्रत्येक सूर पडद्यावर सुटा दिसायचा. चुकलेला तेवढाच हाताने वर-खाली सरकवायचा, रेंगाळलेला शब्द तेवढाच तालावर ओढायचा, बाकीच्याला धक्का लावायचा नाही. काम भलतंच चेंगट होतं, पण आबांच्या आवाजातली थरथर त्यात जिवंत राहत होती. तिने तेच निवडलं आणि चार तास मान वर केली नाही.

गाण्याच्या अगदी शेवटी आबांनी एक हाळी दिली होती. "हुर्रर्र हरण्याऽऽ!" तिच्यात सूर नव्हताच, त्यामुळे सॉफ्टवेअरला त्यात सुधारण्याजोगं काही सापडेना. राजेश्वरीने ती आहे तशी ठेवली. सगळ्या गाण्यात तिला तीच जास्त आवडली होती.

बाहेर गाडीपाशी बसलेल्या आबांना तिने आत बोलावून गाणं ऐकवलं. आबा डोळे मिटून ऐकत होते. हाळी आली तसे दचकले आणि बोटांची कात्री करून दाखवू लागले. काढा, हे काढा.

"लाजतायत," आदिनाथ हळूच म्हणाला. मग मोठ्याने, "काढतो आबा, काढतो." आबा निर्धास्त होऊन बाहेर गेले. आदिनाथने तिला डोळ्याने खुणावलं आणि तिने हाळीसकट गाणं घाटातल्या साउंडवाल्याला, संदेशला, पाठवून दिलं. म्हाताऱ्या माणसाला एवढं फसवलं तर काय बिघडलं, असंच दोघांना वाटलं.

मोठ्या स्पीकरवर कसं वाजतं ते ऐकायचं म्हणून राजेश्वरीही त्यांच्या गाडीत बसली. बेगडेवाडी स्टेशन मागे पडलं तेव्हा आदिनाथला राहवलं नाही.

"आबा, रागावू नका. हाळी ठेवलीय मी."

मागच्या सीटवरून आबांनी त्याचा खांदा धरला. बंदी झाल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले. आवाज कसला, नुसती खरखर.

"ती सुटायची हाळी हाय, येड्या! रानात तेवढ्यावरच पळवलाय त्याला. त्यो थांबायचा न्हाई!"

कंपनीच्या पाळ्या करणाऱ्या आदिनाथने हरण्याला रानात पळताना कधी पाहिलंच नव्हतं. त्याने गाडीचा वेग वाढवला. गाणं लागणार जुंपताना, आणि जुंपताना बैलांच्या तोंडासमोर तीन-चार माणसं उभी असतात.

राजेश्वरी संदेशला फोन लावत राहिली. रिंग जात होती. त्या गोंगाटात त्याला ती ऐकू येणार तरी कशी? आपण जिवंत ठेवलेली हाळी कुणाच्या जिवावर उठणार, या विचाराने ती पुन्हा पुन्हा तोच नंबर दाबत होती.

घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबली तेव्हा दुसरं कडवं चालू होतं. ती स्टेजकडे धावली, आबा बैलांकडे. गर्दी हलेना. "बंद करा! गाणं बंद करा!" ती ओरडत होती आणि लोकांना वाटलं, बाईला गाणं भलतंच आवडलंय. कुणीतरी शिट्टी मारली. शेवटचं कडवं सुरू झालं. संदेश अजून चाळीस पावलांवर होता.

"हुर्रर्र हरण्याऽऽ!"

स्पीकरमधून हाळी घाटभर घुमली आणि हरण्याने उसळी घेतली. जू उलटलं. कासरा धरलेला एक गडी खाली पडला, दुसरा फरफटत गेला. बायका किंचाळल्या. राजेश्वरीने मागे वळून पाहिलं तर पडलेल्या गड्याच्या पुढे, बैलाच्या थेट वाटेत आबा उभे होते.

"होऽ होऽ हरण्या! उभा ऱ्हा लेकरा!"

कुठून आला तो आवाज कोण जाणे. मोठा, मोकळा, तरुण माणसाचा वाटावा असा. हरण्याने पाय रोवले. आबांच्या छातीला त्याचं नाक टेकलं आणि तो धापा टाकत तिथेच उभा राहिला.

दोन्ही गड्यांना लोकांनी उचललं. कोपरं सोलली होती, बाकी धडधाकट होते. आदिनाथ रडत येऊन आबांच्या पायाशी बसला. आबांनी त्याला काहीतरी सांगायला तोंड उघडलं. ओठ हलले. पुन्हा हलले. आवाज आला नाही. त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि मग हरण्याच्या मानेवर ठेवला.

घाटात हजारभर मोबाइल असतील. राजेश्वरीने संध्याकाळपर्यंत एकेकाला गाठून विचारलं. सगळ्यांकडे गाणं होतं. बैल उसळल्यावर मात्र जो तो जीव घेऊन पळाला होता. आबांच्या त्या शेवटच्या हाकेचं रेकॉर्डिंग कुणाकडेच नव्हतं.