दिल्लीला जाणारा उसना स्वेटर

मी एक जुना, मरून रंगाचा स्वेटर आहे, मित्रांनो. बजाजनगरातून कितीदा तरी दिल्लीला जाऊन आलो. जवळचं पैठण मात्र अजून पाहिलेलं नाही.

मुक्ताकाकूंनी मला गुलमंडीच्या बाजारातून आणलेल्या लोकरीतून विणलं. त्यांचा अभय तेव्हा नववीत होता आणि शाळेची सहल डिसेंबरात दिल्लीला निघाली होती. आपल्याकडे थंडी ती किती? सहल संपली की मी पेटीत, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला. पुढे अभय मोठा झाला, वाळूजच्या कारखान्यात कामाला लागला. मग गल्लीतलं कुणी दिल्लीला निघालं, की दारात हाक यायची, "काकू, स्वेटर आहे का हो?" आठ दिवस माझं कौतुक, नंतर पुन्हा अंधार. सवय झाली.

गेल्या डिसेंबरात शेजारच्या संस्कृतीच्या शाळेची सहल दिल्लीला निघाली, म्हणून तिच्या आईने मला नेलं. फार काळजी करणारी बाई. तिने यादी करून बॅग भरली. शाळेने मोबाईल न्यायला मनाई केली होती, म्हणून सोबत जाणाऱ्या सरांचा नंबर फ्रिजवर चिकटवला. माझी कॉलर उलटून पाहिली, तर आत पांढऱ्या दोऱ्याने काकूंचा नंबर शिवलेला. अभय हरवू नये म्हणून काकूंनी तेव्हा घातलेला. "उसवून आपला घालावा का?" ती पुटपुटली. पण उसन्या वस्तूला कात्री कशी लावायची? राहू दिला.

दिल्लीत मेट्रोतून सगळी मुलं उतरली. संस्कृती गर्दीत अडकली आणि दार लागलं. पुढच्या स्टेशनवर ती एकटीच उतरली आणि तिथल्या पहारेकरी बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"मम्मी का नंबर बोलो, बेटा."

"नऊ आठ... नऊ आठ..."

पुढचं येईना. नंबर घरच्या मोबाईलमध्ये होता, डोक्यात नव्हता. एवढ्या थंडीत तिच्या घामाने माझ्या बाह्या ओल्या झाल्या.

तिने मान खाली घातली, तेव्हा बाईंना माझ्या कॉलरच्या आतला नंबर दिसला. त्यांनी लगेच फोन लावला, स्पीकरवर.

"आपका बच्चा हमारे पास है."

"माझं? माझं तर समोर बसून भाकर खातंय!" पलीकडून काकू म्हणाल्या. मागून अभयचा आवाज आला, "आई, ठेव फोन. पैसे उकळणारे हायेत ते."

फोन बंद.

संस्कृती हुंदके द्यायला लागली. बाईंनी पुन्हा लावला. या वेळी तीच ओरडली, "काकू, ठेवू नका! मी आहे, तुमच्या स्वेटरमधली!"

"अगं माय! हलू नको तिथून, आलेच मी," काकू म्हणाल्या आणि, हे मला परतल्यावर कळलं, चप्पल न घालता निघाल्यासुद्धा. दिल्ली मागच्या गल्लीत नाही, हे त्यांना दारात आठवलं. मग त्या तशाच संस्कृतीच्या घरी पळाल्या. फ्रिजवरचा नंबर लागला आणि सरांना पहारेकरी बाईंचा नंबर मिळाला. पाऊण तासाने सर धापा टाकत स्टेशनवर आले.

परतल्यावर संस्कृतीच्या आईने मला हाताने धुतलं आणि घडी करून काकूंना दिलं.

"तुझाबी नंबर शिव की माझ्या नंबराखाली," काकू म्हणाल्या.

"नको काकू. रोज सकाळी तिच्याकडून म्हणून घेते. दहा आकडे म्हटल्याशिवाय डबा देत नाही."

"अन् चुकली तर उपाशी धाडती का लेकराला?"

"मग मीच डबा शाळेत नेऊन देते," ती म्हणाली.

आता मी पेटीत आहे. डाव्या बाहीला कसर लागली आहे. मित्रांनो, लोकरीच्या कपड्यांना अधूनमधून ऊन दाखवा, असं मी सांगायला हवं. ते एखाद्या वेळी राहिलं तरी चालेल. आईचा नंबर तेवढा आज पाठ करा.