पोलादातली दोन नावं

जरा जवळ सरका, मंडळी, आमच्या अलाबामातली एक गोष्ट सांगतो. पाद्रीबाबा प्रवचन गाऊ लागले की अंगावर काटा येतो ना, तसाच काटा त्या दिवशी माझ्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात माझ्या अंगावर आला. चर्चमध्ये मी डीकन, म्हणजे पाद्रीबाबांचा मदतनीस.

लूशियसने वडिलांची जुनी दुनळी बंदूक मेजावर ठेवली. खटक्याजवळ पोलादात त्याच्या भावाचं नाव ठोकलेलं होतं: रूफस. रूफस नुकताच वारला होता.

"डीकन, एवढं नाव काढा. बंदूक आता माझी आहे."

"मेलेल्याशीही भांडतोस होय रे?"

"तुम्ही घासा. उपदेश रविवारी ऐकेन."

मी कानशीने पोलाद सपाट केलं आणि रंग चढवायचं आम्ल फडक्याने फिरवलं. ठशाचा मार खोल बसतो, म्हणून घासलेली अक्षरं आम्लाने कधीकधी पुन्हा दिसतात. रूफस दिसलंच. पण त्याच्या शेजारच्या गुळगुळीत जागेवर हळूहळू दुसरं नाव वर आलं: लूशियस.

लूशियस मेजावर वाकला. "बाबांनी दोघांची नावं ठोकली होती. रागावून शिकागोला गेलो, तेव्हा माझं मीच घासलं."

"मग पुन्हा घासू?"

त्याने रूफसच्या नावावर बोट टेकवलं आणि चटकन मागे घेतलं.

"गरम आहे," तो पुटपुटला. "राहू द्या दोन्ही."

मी हात लावून पाहिला. पोलाद थंडगार होतं.

प्रार्थनेला बसाल तेव्हा आमच्या रूफसची आठवण ठेवा.