चार बोटं कमी

कुंभिवलीच्या नाक्यावर माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पुढे महामार्ग, मागे पत्र्याची शेड. बावीस वर्षं काउंटरच्या आत बसून मी खिळे वजनावर देतो आणि माणसं नजरेवर तोलतो. दोन्हीत माझा हात सहसा चुकत नाही. सहसा म्हणालो, ते लक्षात ठेवा.

नागू सुतार माझ्याकडून खिळे फारसे कधी नेत नसे. "खिळा म्हंजे सुताराची कबुली," तो म्हणायचा, "की सांधा जमला नाय." खाचेत कूस अशी बसवायचा की मधे कागद सरकू नये. काम सगळं जमिनीवर बसून. फळी डाव्या पायाच्या अंगठ्यानं दाबायची, टाचेनं रोखायची आणि रंधा ओढायचा. त्याचे पाय म्हणजेच त्याचा शिकंजा. त्यामुळे गुडघे गेले तेव्हा त्याचं चालणंच नव्हे, अर्धी हत्यारंच गेली. खोपोलीच्या डॉक्टरनं सांगितलं, उभे राहा, फिरा, पण मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही.

मग नागू रोज दहाला माझ्या दुकानी यायला लागला. बाहेर उभा राहून दोन्ही तळवे काउंटरवर टेकायचा आणि तासभर येणाऱ्या-जाणाऱ्या टेंपोंवरच्या तयार दारांना नावं ठेवायचा. मी कामात असलो तरी थांबायचा नाही.

भाद्रपदात एक दिवस येऊन म्हणाला, "नवनाथशेट, पेटी दिली."

"कसली पेटी?"

"हत्यारांची. त्या नदीकाठच्या फार्महाऊसवाल्या सायबाला. भिंतीवर लावनार हाय. वाकस, रंधे, पटाश्या, समदं. दसऱ्याच्या आदल्या दिशी डायवर येनार न्यायला." आणि हसला. "पेटीत गंजन्यापरीस भिंतीवर बरी. लोकं फोटू तरी काढतील."

एवढं सांगताना तो तीनदा हसला. मी मोजलं. नागू एका बैठकीत एकदाच हसतो. दोन हसू जास्तीची होती, आणि ती खरी नव्हती.

संध्याकाळी त्याची मुलगी हर्षला आली. खोपोलीला कंपनीत मशीनवर असते, बापाचं नाक आणि बापाची जीभ. आली ती थेट म्हणाली, "काका, तुमची शेड पाहिजे. बाबांना उभ्यानं काम करता येईल असं बाक करायचंय. जाड, जड, शिकंजा लावलेलं. खंडेनवमीच्या आत."

"तुला येतं?"

"लहानपणी रंध्यामागचा भुसा मीच गोळा करायचे ना?"

"भुसा गोळा करणं निराळं गं."

"ते तुम्ही मोजत बसा. शेड देताय का?"

दिली. पोशीरला कोणीतरी जुनं घर उतरवलं होतं, त्यातल्या ऐनाच्या लाकडाच्या दोन तुळया दशरथ टेंपोवाल्यानं आणून टाकल्या. इतक्या जड की उतरवताना दशरथनं माझे आईवडील काढले. दोन दिवसांनी हर्षलाचा कंपनीतून जेवणाच्या सुट्टीत फोन. "काका, उंची पाहिजे. बाबांना टेप लावली तर त्यांना कळेल. ते तुमच्या काउंटरवर तासभर उभे राहतात आणि कंबर धरत नाहीत. म्हणजे तीच त्यांची उंची. मोजून सांगा."

माझ्यासारख्या माणसाला हे सांगायला नको. टेप घेतली, बसतो तिथूनच मोजलं. "तीस इंच. लिहून घे. तीस म्हणजे तीस."

हर्षलानं कंपनीत दुपारची पाळी मागून घेतली. पुढचे तीन आठवडे सकाळी मागे शेडमध्ये ठकठक आणि पुढे काउंटरवर नागू. पहिल्याच दिवशी त्यानं कान टवकारले.

"मागं कोन ठोकतंय?"

"रॅक करून घेतोय."

"पटाशीला धार नाय त्याच्या. सांग त्याला, आधी पाजव."

ठकठक थांबली. पाच मिनिटांनी दगडावर पातं घासल्याचा आवाज आला. चौथ्या दिवशी नागू म्हणाला, "एका बाजूनं भोक पाडतोय. लाकूड फाटंल. अर्धं हिकडनं, अर्धं तिकडनं." मागे लाकूड उलटवल्याचा धप्प आवाज. दहाव्या दिवशी, "आता बरा मारतोय. शिकतंय पोर." असं भिंतीआडून त्यानं अख्खं बाक शिकवलं, आणि मी मधे बसून रॅक-रॅक करत राहिलो. रॅकचं एवढं कौतुक माझ्या दुकानात कधी झालं नसेल.

अष्टमीला सकाळी दशरथच्या टेंपोतून बाक नागूच्या अंगणात उतरलं. चार जणांना उचलेना. माथा तुळयांचा, चार इंची जाड. पाय चौकोनी. एका अंगाला लाकडी जबड्याचा शिकंजा, फिरवला की फळी मुठीत धरल्यासारखी धरणारा. खिळा एकही नाही. नागूची बायको इंदूबाई पदर तोंडाशी धरून उभी. हर्षला हात मागे बांधून, हाताला दोन ठिकाणी पट्ट्या.

नागूनं बाकाला फेरी घातली. बोटांच्या गाठीनं ठोकलं. दोन सांध्यांवरून नख फिरवलं, नख कुठे अडलं नाही. मग त्यानं तळवे टेकले. आणि वाकला. पुरता नव्हे, पण वाकला. हात कमरेकडे गेला.

"कुनाच्या मापाचं हाय हे?"

"तुमच्या," हर्षला म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

"तीस इंच," मी म्हणालो. "माझ्या काउंटरचं. मी स्वतः मोजलंय."

"कुठनं मोजलं?"

"कुठून म्हणजे? आतून."

नागू माझ्याकडे बघत राहिला. मग हसला, एकदाच. "आरं शेट, रस्ता उंच झाला, पानी आत आलं, तवा तू आतली फरशी उचलून घेतलीस. तू चार बोटं वर उभा ऱ्हातोस. गिऱ्हाईक खाली असतं."

बावीस वर्षांत मी एकदाही माझ्याच काउंटरच्या बाहेर उभा राहिलो नव्हतो. दशरथ एवढ्या जोरात हसला की शेजारची दोन माणसं बघायला आली. हर्षला हसली नाही. ती बाकाच्या पायांकडे बघत होती. लाकूड कमी करता येतं, वाढवता येत नाही. उद्या खंडेनवमी, हत्यारांना हात लावायचा नाही. आणि उद्याच ड्रायव्हर येणार.

"चार विटा लावू की," दशरथ म्हणाला.

"विटा?" नागूचा आवाज चढला. "माझ्या पोरीचं काम विटांवर उभं ऱ्हानार?"

माझी पोर तो नेहमीच म्हणतो. माझ्या पोरीचं काम, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

"संध्याकाळपातूर ऱ्हाऊ देत विटा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "दिवा लागायच्या आत भायेर. हर्षे, तुळईचा तुकडा उरलाय का? आन. चार पायांना चार खडावा करू. मधे इंचभर खोल घर, पाय आत बसंल, वर चार बोटं मिळतील. गं इंदे, पेटी काढ."

बाक विटांवर चढलं. हर्षलानं तुकडे कापले. नागूनं पहिला तुकडा शिकंज्यात धरला, दांडा आवळला आणि क्षणभर तसाच थांबला. त्याची नजर खाली गेली, डाव्या पायाच्या अंगठ्याकडे. अंगठा चपलेत मोकळा होता. मग त्यानं पटाशी लावली आणि मारली.

ताठ पाठीनं, सहा महिन्यांनी. ऐनाचा कपचा उडून माझ्या सदऱ्यावर पडला. मी झटकला नाही.

तिसरी खडाव करताना तो मान वर न करता म्हणाला, "रॅक झाला का रं शेट?"

"तुम्हाला ठाऊक होतं?" हर्षला म्हणाली.

"माझ्या पेटीतली पाऊन इंची पटाशी तीन आठवडे गायब. तिचा आवाज मला कळनार नाय व्हय? चौथं भोक वाकडं मारलंस, मग सरळ केलंस. ते पन कळलं."

दिवेलागणीच्या आधी विटा बाहेर आल्या. बाक आपल्या पायांवर उभं राहिलं. नागूनं वर पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी ठेवली, चारी कोपरे दाबले. थेंब सांडला नाही. शेजारच्या त्या दोघांना त्यानं प्रत्येक सांधा बोलावून दाखवला. जाताना त्यांना परत बोलावून खालचाही दाखवला.

नवमीला सकाळी मी मुद्दाम दुकान उशिरा उघडायचं ठरवलं आणि आधी नागूच्या अंगणात गेलो. पाटावर हत्यारं मांडली होती, धुऊन, तेल पुसून. इंदूबाईनं हळदीकुंकवाची कोयरी उचलली आणि विचारलं, "बाकाला पन लावू?"

"त्याला पयलं," नागू म्हणाला. "बाकीची आता त्याच्यावर जगनार हायेत."

हर्षलानं झेंडूची माळ शिकंज्याला बांधली. तेवढ्यात रस्त्यावर पांढरी गाडी थांबली. ड्रायव्हर उतरला, हातात जुनी चादर, हत्यारं गुंडाळून न्यायला.

"सुतारमामा, साहेबांनी पाठवलंय. सामान कुठाय?"

नागूनं पाटाकडे बोट दाखवलं. "ते काय, बसलंय. पेढा घे. आनि सायबांना सांग, भिंतीला दुसरं कायतरी शोधा म्हनावं. भिंतच लाकडाची पायजे असंल तर करून देतो, दोघं बापलेक येतो."

"पण हत्यारं?"

"हत्यारांना आज सुट्टी हाय," नागू म्हणाला. "उद्यापास्नं कामावर."