सर्वज्ञ पार्सलवाला

चमत्काराला गर्दी लागते. त्या सकाळी आमच्या इमारतीच्या जिन्यात ती भरपूर होती. मधोमध दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, हातात मोबाइल, स्पीकर चालू.

"मातोश्री, पार्सल कंपनीतून बोलतोय. गेल्या आठवड्यात आपण मिक्सरचं भांडं मागवलंत. स्टीलचं, मोठं."

"अगं बाई! बरोबर!"

"घर दुसऱ्या मजल्यावर, दवाखान्याच्या मागे."

"ह्याला घरसुद्धा दिसतंय!" शेजारच्या वहिनी थक्क झाल्या.

"माणूस पोहोचलेला आहे," तळमजल्यावरचे शिंपीकाका म्हणाले.

"पार्सलवाला पोहोचलेला असायचाच," मी म्हणालो. पण भक्तांना विनोद कळत नाही.

फोनवरच्या आवाजात साखर घोळत होती. "भांडं सदोष निघालंय, मातोश्री. आमच्या साहेबांना झोप नाही. पैसे परत घ्या आणि आम्हाला पापातून सोडवा." कार्डाचे आकडे काकू आधीच देऊन बसल्या होत्या. आता मोबाइलवर आलेला सहा आकडी ओटीपी तेवढा सांगायचा होता. त्याच खात्यात काकांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे होते. हे सगळ्या जिन्याला ठाऊक, तरी जिना माना डोलावत होता. माझं डोकं फिरलं.

"काकू, मेसेजमध्ये लिहिलंय, कुणालाही सांगू नका."

"अरे, ते परक्यांसाठी! ह्याला माझं सगळं ठाऊक आहे. हा परका कसला?" असं म्हणून काकूंनी पहिले तीन आकडे सांगितलेसुद्धा.

तेवढ्यात शाळेला निघालेल्या विज्ञानाच्या बाई हे सगळं ऐकत वरच्या मजल्यावरून खाली आल्या. त्यांनी काकूंच्या हातातून फोन काढून घेतला.

"काय हो अंतर्ज्ञानी, भांडं दिसलं, घर दिसलं, उरलेले तीन आकडेच दिसेनात? बघा की जरा डोळे मिटून!"

साखर संपली. सर्वज्ञाने दोन कचकचीत शिव्या हासडल्या आणि फोन ठेवला.

बाईंनी आधी काकूंकडून बँकेला फोन करवून कार्ड बंद करायला लावलं. मग खालच्या कचऱ्यातून एक रिकामा खोका उचलून आणला. वर चिकटवलेला कागद शाबूत होता. काकूंचं नाव, मजला, दवाखान्याची खूण, मोबाइल नंबर आणि खाली 'मिक्सरचं भांडं, स्टील, मोठं'.

"हे त्याचं दिव्यज्ञान," बाई म्हणाल्या. "कुणीही उचलावं आणि फोन फिरवावा."

वहिनी खाली धावल्या. त्यांचेही खोके तिथेच पडले होते.

"ह्यांचं ऑपरेशन..." काकू पुटपुटल्या. त्या पायरीवर बसल्या. मला मग थट्टा सुचेना.

तेव्हा मंडळी, खोका टाकण्याआधी त्यावरचा कागद फाडा. असा फोन आला तर ठेवून द्या आणि कंपनीचा नंबर स्वतः शोधून विचारा. पैसे परत देणारा कधी तिजोरीची किल्ली मागत नाही. किल्ली मागतो तो चोर, मग त्याला तुमचा मजला ठाऊक असो नाहीतर सात पिढ्या.