बॉनेट उघडणाऱ्यांनो, खाली वाका

मित्रांनो, रागावलेली गाडी पाहिली नसेल तर मला पाहा. मी डेट्रॉईटची, सत्तर सालची, दोन दारांची, आठ सिलिंडरची. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझी गुरगुर ऐकून नदीपलीकडे कॅनडातल्या कोंबड्या आठवडाभर अंडी द्यायचं विसरल्या. सांगणारी मीच आहे, तरी खरं आहे.

पन्नास वर्षं लोकांनी माझं फक्त इंजिन पाहिलं. बॉनेट उघडायचं, शिट्टी मारायची, बंद करायचं. खाली चाकांच्या सांध्यांतल्या रबरी बुशांचा बिस्किटासारखा चुरा झालेला, शॉकअपमधलं तेल गळून गेलेलं. पण वाकतो कोण? एकदा रेल्वे फाटकात असा हिसका बसला की माझा मालक कॅझ याची कवळी आमच्याआधी घरी पोचली.

दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर आम्हा जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. कॅझची बायको डोलोरेस नेहमी शेजारी बसते. पण गेल्या हिवाळ्यात तिच्या पाठीचं ऑपरेशन झालं. तिने बजावलं, यंदा पाठीत कळ आली तर दुसऱ्या दिवशी गाडी विकायची. गिऱ्हाईकही तयार होतं. तो गाड्या खोळीत झाकून ठेवतो, चालवत नाही. म्हणजे माझं जिवंतपणी दफनच.

कॅझकडे नऊशे डॉलर होते. निम्मे त्या शहाण्याने चकचकीत चाकांवर घालवले! उरलेल्यांचं काय करावं, हे विचारलं शेजारच्या लॉनीला. लॉनी म्हणाला, नव्या स्प्रिंगा कशाला, आहेत त्याच कापू; गाडी खाली बसते, रुबाब येतो, आणि फुकटात. गॅस कटरने माझ्या पुढच्या स्प्रिंगांची दीड-दीड वेटोळी उडवली. माझं नाक जमिनीला टेकलं. रागाने मी लॉनीच्या बुटांवर तेल ओकले.

डोलोरेस एक फेरी मारून आली आणि पाठ धरून उतरली.

"कॅझ, कारखान्यात मी तीस वर्षं काय बसवत होते?"

"बुश," कॅझ पुटपुटला.

"आणि तू विचारलंस कुणाला? या कटरवाल्याला?"

लॉनीला एकदम घरचं काम आठवलं.

चकचकीत चाकं परत गेली. डोलोरेस स्टुलावर बसली आणि कॅझ माझ्याखाली आडवा झाला. आधी नवे बुश आणि बॉल जॉइंट, मग चांगले शॉकअप, मग साध्याच पण पुऱ्या उंचीच्या स्प्रिंगा. वळणावर मी कलंडू नये म्हणून पुढे लागणारा जाड दांडा भंगारातल्या माझ्याच एका थोरल्या बहिणीचा मिळाला. कॅझ घाईने बोल्ट आवळू लागला, तशी ती कडाडली, "आधी गाडी चाकांवर उतरव. वजन आल्याशिवाय आवळलास तर रबर पिळवटून मरतं. हे कारखान्यात माझ्या लाइनवर पहिल्या दिवशी शिकवायचे."

ऑगस्ट आला. डोलोरेस मांडीवर काठोकाठ भरलेला कॉफीचा कप घेऊन बसली. त्याच रेल्वे फाटकातून आम्ही गेलो. एक थेंब सांडला नाही. उलट कॉफी थोडी वाढलीच असावी. कॅझने खोळवाल्याचा नंबर फाडून टाकला.

मिरवणुकीत आम्ही थांबलो तोच कडेच्या खुर्चीवरून एक गृहस्थ उठले. सवयीने माझं बॉनेट उघडून शिट्टी मारली. माझं टाळकं सरकलं.

"वर काय बघताय?" डोलोरेस म्हणाली. "खाली वाका."

ते गुडघ्यांवर बसून वाकले. "इथे तर काहीच चकाकत नाही."

"म्हणूनच मी इथवर बसून आले."

माझा राग अजून गेलेला नाही, मित्रांनो. ज्यांच्यावर तुमचा भार आहे, त्यांच्याकडे वाकून पाहा. आणि कुठे काय झिजलंय, हे ज्या हातांनी ते बसवलं त्यांना आधी विचारा. कटर नंतर पेटवा.